कीटकांच्या छायाचित्रणासाठी मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश: ११ महिन्यांच्या वापरानंतर

कीटकांची जवळून छायाचित्रे काढण्यासाठी घेतलेली १०० मिमी फोकल लेंग्थची मॅक्रो लेन्स, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा एक साधा फ्लॅश आणि हाताने तयार केलेला डिफ्यूजर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) हा संच मी गेले ११ महिने जवळजवळ दर आठवड्याला वापरते आहे. कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरचा आहे. खरेदीपूर्वी मी लेन्सविषयी भरपूर वाचले होते आणि फ्लॅशविषयी जवळजवळ काहीच नाही. आज माझे मत असे आहे की लेन्स आणि फ्लॅश हे दोन स्वतंत्र निर्णय नाहीतच. कीटकापासून आपण किती अंतरावर थांबणार, या एकाच प्रश्नातून दोन्हींची निवड ठरते. कंपनीचे नाव त्यानंतर पाहावे, कारण १:१ विशालन देणाऱ्या बहुतेक मॅक्रो लेन्स तीक्ष्णतेच्या बाबतीत उत्तमच असतात.

१:१ म्हणजे कीटकाची सेन्सरवर पडणारी प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी असते. माझ्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी आहे, त्यामुळे तेवढ्याच लांबीचा नाकतोडा चौकट काठोकाठ भरतो. पण ४ मिमीची मुंगी चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापते. लेन्स घेण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणते जीव टिपायचे आहेत, याचा विचार म्हणूनच करावा. फुलपाखरे, चतुर, मोठे पतंग यांना १:१ पुरेसे होते, किंबहुना अनेकदा तेवढेही लागत नाही. मुंग्या, मावा, लहान माश्या आणि उडी मारणारे कोळी यांच्यासाठी (कोळी कीटकांत मोडत नाहीत, पण मॅक्रो करणाऱ्याला त्यांच्यापासून दूर राहणे जमत नाही) १:१ लवकरच अपुरे वाटू लागते.

माहितीपत्रकात दिलेले किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, हे सुरुवातीला माझ्या लक्षात आले नव्हते. १०० मिमीच्या लेन्ससाठी ते ३० सेंमीच्या आसपास असते आणि ऐकायला पुष्कळ वाटते. परंतु त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढच्या काचेपासून कीटकापर्यंत साधारण १३ ते १५ सेंमी उरतात. खरे महत्त्व याच मोकळ्या अंतराला आहे. ६० मिमीच्या लेन्समध्ये ते १० सेंमीच्या आत येते आणि लेन्सची सावली पडताच माशी उडून जाते. १८० मिमीच्या लेन्समध्ये ते २४ सेंमीच्या जवळपास जाते, म्हणून बुजऱ्या चतुरांसाठी ती आदर्श ठरेल असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. मात्र अंतर वाढले की डिफ्यूजरही तेवढाच मागे राहतो, प्रकाश कठोर होतो, फ्लॅशला अधिक शक्ती लागते आणि डाव्या हातात फांदी धरून उजव्या हाताने कॅमेरा सांभाळणे अवघड होऊन बसते. ९० ते १०५ मिमी हा मधला पट्टा इतका लोकप्रिय का आहे, याचे उत्तर मला पुस्तकी तुलनेतून मिळाले नाही. एक फांदी आणि तिच्यावरची माशी दोन्ही एकाच वेळी हातात असताना मिळाले.

फ्लॅश टाळता येईल का, हा प्रश्न सुरुवातीला प्रत्येकाला पडतो. नैसर्गिक प्रकाश मलाही प्रिय आहे, पण हिशेब त्याच्या बाजूने जात नाही. १:१ ला लेन्सवर एफ/११ लावले (एफचा आकडा जितका मोठा, तितके अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र, लहान), तरी प्रत्यक्षात सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश एफ/२२ एवढाच असतो, कारण विशालन वाढते तसे प्रभावी अ‍ॅपर्चर लहान होत जाते. पानांच्या सावलीत १/२०० सेकंदाच्या शटरला अशा वेळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून अधिक लागतो, आणि एवढे करूनही वाऱ्याची हलकी झुळूक किंवा आपल्याच श्वासाने झालेली हालचाल चित्र पुसट करते. अ‍ॅपर्चर मोठे ठेवावे, तर डेप्थ ऑफ फील्ड (चित्रात तीक्ष्ण दिसणाऱ्या थराची जाडी) हातची जाते. माझ्या सेन्सरवर १:१ आणि एफ/११ ला ती ०.९ मिमीच्या आसपास असते. २:१ ला तर ०.३ मिमीवर येते. इतक्या पातळ थरात डोळा, मिशा आणि पुढचे पाय एकत्र बसवायचे असतात.

फ्लॅश वापरला की परिस्थिती पूर्ण बदलते. मी सावलीत शटर १/२००, एफ/११ आणि आयएसओ २०० ठेवते. या मांडणीत आसपासच्या प्रकाशाने चित्र जवळजवळ काळेच येईल, म्हणजेच चित्र घडते ते केवळ फ्लॅशच्या झोतात. असा फ्लॅश १/१६ शक्तीवर चालवला की झोताचा कालावधी मॉडेलप्रमाणे साधारण १/१०,००० सेकंदाच्या आसपास असतो, आणि हात थरथरला तरी तो चित्रात उतरत नाही. लेन्समधल्या स्थिरीकरणाचा उपयोग मला त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधले दृश्य शांत ठेवण्यापुरताच झाला. उघड्या उन्हात मात्र सावध राहावे लागते, कारण तिथे ऊनही चित्रात शिरते. एका टाचणीच्या (चतुरासारख्या बारीक कीटकाच्या) पंखाला मला फ्लॅशची स्पष्ट कडा आणि तिच्या शेजारीच उन्हाची पुसट, सरकलेली दुसरी कडा मिळाली. आयएसओ १०० वर आणल्याने हा दोष कमी झाला, पण फ्लॅशची शक्ती वाढवावी लागली आणि झोत लांबला. हाय-स्पीड सिंक (फार वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) हा त्यावरचा उपाय नाही. त्यात झोत अनेक लहान स्पंदनांत विभागला जातो, शक्ती घटते आणि हालचाल गोठवण्याचा मुख्य फायदाच निघून जातो. उन्हात मी आता कॅमेरा बाजूला ठेवून आपल्या अंगाची सावली कीटकावर हळूहळू पडू देते. तो बसून राहिला तरच पुढे सरकते.

फ्लॅशच्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगते. उसना आणलेला रिंग फ्लॅश मी दोन आठवडे वापरला. प्रकाश सगळीकडून सारखा येत असल्याने कीटक सपाट दिसतो आणि चकचकीत भुंग्याच्या पाठीवर प्रकाशाचे कडे उमटते. दस्तऐवजी नोंदीसाठी तो ठीक आहे. दोन डोक्यांचा ट्विन फ्लॅश दिशा देतो, पण डिफ्यूजरशिवाय प्रत्येक डोळ्यात दोन टोकदार ठिपके दिसतात. एकच साधा फ्लॅश आणि त्यापुढे मोठा डिफ्यूजर ही रचना मला सर्वांत समाधानकारक वाटली. टीटीएलचा (लेन्समधून येणारा प्रकाश मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीचा) मोह धरू नये. काळा भुंगा काळ्या पानावर असला की टीटीएल चित्र जास्त उजळते, तर पांढऱ्या फुलावरच्या माशीला अंधारात ढकलते. अंतर ठरलेले असल्यामुळे मॅन्युअल शक्ती एकदा जुळवली की दिवसभर फारशी बदलावी लागत नाही.

डिफ्यूजरवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचे मोल सर्वांत जास्त मिळाले. प्रकाश मऊ होण्यासाठी प्रकाशाचा पृष्ठभाग कीटकाच्या दृष्टीने मोठा असावा लागतो. म्हणजे आकार मोठा हवा आणि तो जवळही हवा. माझा डिफ्यूजर फ्लॅशच्या डोक्यापासून कमानीसारखा वळत येऊन लेन्सच्या टोकावर छपरासारखा झुकतो. बाहेरून पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा आधार आहे, आत वरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खाली पॅकिंगसाठी येतो तो पांढरा फोमचा पातळ कागद. पहिल्या आवृत्तीत ट्रेसिंग पेपर होता. तो दवाने सुरकुतला आणि रंगात पिवळट छटाही आणत होता.

डिफ्यूजर कसा जमला आहे हे तपासायला स्टीलचा चमचा पुरतो. चमच्याच्या पाठीचे छायाचित्र घ्यावे आणि त्यातले प्रतिबिंब मोठे करून पाहावे. डोळ्यांत आणि भुंग्याच्या कवचावर जे दिसणार आहे, ते सगळे तिथे उमटलेले असते. माझ्या चमच्यात मधोमध एक पांढराशुभ्र ठिपका आणि भोवती करडा चौकोन दिसला, म्हणजे एवढ्या मोठ्या डिफ्यूजरपैकी केवळ मधला भाग उजळत होता. फ्लॅशच्या तोंडाशीच फोमचा आणखी एक छोटा तुकडा लावल्यावर प्रकाश आधी पसरू लागला आणि मग बाहेरच्या थरावर पडू लागला. दुसऱ्या दिवशी गवताच्या पात्यावर उडी मारणारा एक कोळी भेटला. लेन्स जवळ येताच तो पळाला नाही, उलट वळून थेट काचेकडे पाहू लागला. त्याच्या समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांत ठिपक्याऐवजी मऊ, फिकट कमान होती. तिच्या खाली डोळ्याचा गडद तपकिरी रंग आणि भोवतीचे केस एकेक करून मोजता येतील असे दिसत होते. लेन्स तीच, कॅमेरा तोच, बदलला होता केवळ फोमचा एक तुकडा.

या रचनेला एक किंमत आहे. डिफ्यूजरच्या वजनाचा ताण फ्लॅशच्या पायावर येतो, आणि पाचव्या महिन्यात माझ्या पहिल्या फ्लॅशचा प्लास्टिकचा पाय तडकला. दुरुस्तीसाठी तो भाग मिळत नाही असे उत्तर आले, तेव्हा संपूर्ण फ्लॅश बदलावा लागला. याचे मला खरोखर वाईट वाटले. नव्या फ्लॅशचा पाय धातूचा आहे आणि डिफ्यूजरचे पुढचे टोक मी रुंद रबराने लेन्सच्या हुडवर टेकवते, त्यामुळे भार विभागला जातो. सेल मात्र निःसंकोच रिचार्जेबल घ्यावेत. निकेल-मेटल हायड्राइडचे चार एए सेल १/१६ शक्तीवर फ्लॅशला लगोलग तयार करतात, तर अल्कलाइन सेल जसजसे उतरतात तसतशी प्रत्येक चित्रामागे वाट पाहावी लागते.

१:१ च्या पुढे जाण्यासाठी मी रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची क्लोजअप लेन्स वापरते. ती चिमट्यासारखी लेन्सच्या पुढे बसते, १०० मिमीच्या लेन्सवर विशालन २:१ च्या जवळ नेते आणि कीटक मोठा असेल तर क्षणात काढताही येते. एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळीत) काच नसते हा गुण आहे, पण १०० मिमीच्या लेन्सवर ३६ मिमीची ट्यूब विशालनात सुमारे ०.३६ चीच भर घालते आणि मैदानात लेन्स काढून धूळ आत घेण्याची जोखीम पत्करावी लागते. कॅननची एमपी-ई ६५ मिमी १ ते ५ पट विशालन देते, परंतु तिच्यात १:१ पेक्षा दूरचे काहीच फोकस होत नाही, म्हणून ती कोणाचीही पहिली लेन्स असू नये. आणखी एक गोष्ट: २:१ ला एफ/१६ लावण्याचा हट्ट धरू नये. प्रभावी अ‍ॅपर्चर तेव्हा एफ/४८ च्या घरात जाते आणि मिळालेली खोली विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, मऊपणात विरून जाते.

ऑटोफोकस मी १:१ जवळ पहिल्याच आठवड्यात बंद केला. विशालन ठरवून घ्यायचे, फांदी डाव्या हाताच्या बोटांत धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची आणि श्वासाबरोबर शरीर मिलिमीटरभर पुढेमागे करत डोळा तीक्ष्ण दिसला की शटर दाबायचे, ही पद्धत सवयीने जमते. पहाटे गारव्याने आखडलेले चतुर आणि मधमाश्या यासाठी उत्तम, कारण ऊन मिळेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. त्यासाठी कीटक फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणे मला अजिबात मान्य नाही. तसे केलेल्या चित्रात पायांची ठेवणही अस्वाभाविक दिसते. फ्लॅशच्या झोताने बहुतेक कीटक माझ्या अनुभवात फारसे विचलित होत नाहीत, पान हलल्याने होतात. मधमाशी पाय उचलून इशारा देऊ लागली की मी मागे सरते.

आज नव्याने निवड करायची झाली, तर ९० ते १०० मिमी याच पट्ट्यातली, पण स्वतःच २:१ पर्यंत जाणारी मॅन्युअल फोकसची लेन्स मी घेईन, कारण ऑटोफोकसची उणीव मला भासणार नाही आणि क्लोजअप लेन्सची ने-आण वाचेल. सध्याची लेन्स मात्र मी विकणार नाही. फ्लॅशही हाच राहील, आणि फोमचा थर आता दवाने पिवळा पडू लागल्यामुळे या आठवड्यात बदलायचा आहे.