'वाहन' पोर्टलवर 'अ‍ॅक्टिव्ह' दिसणारी आयात गाडी आणि माझे ३६,८६,००० रुपये

जुनी, आयात केलेली महागडी गाडी घ्यावी की नाही, या विचारात जे आहेत त्यांनी टोकन देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठी लिहितो आहे. माझे एकूण ३६,८६,००० रुपये गेले. त्यांपैकी ३४,५०,००० गाडीचे, ६५,००० एनओसीच्या (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी जुन्या आरटीओकडून लागणाऱ्या ना-हरकत प्रमाणपत्राच्या) कामासाठी एजंटाला रोख दिलेले, ५८,६०० विम्याचे आणि १,१२,४०० टायर, बॅटरी व सर्व्हिसिंगचे. गाडी आज माझ्याच आवारात उभी आहे, परंतु सीमाशुल्क विभागाच्या सुपूर्दनाम्यावर, म्हणजे जप्त झालेली गाडी केवळ सांभाळण्यासाठी माझ्याकडे ठेवली आहे. ती चालवणे, विकणे किंवा जागेवरून हलवणे यांपैकी कशालाही मला परवानगी नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नातेवाइकांपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने मला "एवढा मोह कशाला?" असे ऐकवले आहे. माझा स्टोन क्रशरचा आणि रस्त्यांच्या कामांचा व्यवसाय आहे. आजवर डंपर, पोकलेन, जीप अशी कित्येक वाहने मी नवी-जुनी घेतली आणि विकली आहेत. आरसी, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हे सारे मला नवे नाही. घरच्या वापरासाठी, घाटरस्त्यावर भरवशाची आणि वीस वर्षे टिकणारी गाडी हवी म्हणून टोयोटाची लँड क्रूझर प्राडो शोधत होतो. २०१६ सालच्या गाड्या मला पंचेचाळीस ते पन्नास लाखांना सांगितल्या जात होत्या. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका विक्रेत्याकडे २०१६ सालची गाडी होती, मागणी ३८,००,००० होती आणि सौदा ३४,५०,००० वर ठरला. टोकन ५१,००० यूपीआयने, मग २४,९९,००० आणि ताबा घेताना ९,००,००० आरटीजीएसने दिले. गाडीच्या किमतीतला एक रुपयाही रोखीत नाही.

मी जे तपासायला हवे ते तपासले होते. गाडीची नोंदणी ईशान्येकडील एका राज्यातली होती. 'वाहन' या सरकारी वाहन-नोंदणी पोर्टलवर क्रमांक टाकला, तर मालकाचे नाव, इंधन, चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे, सारे जुळत होते आणि स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' होती. बोजा नव्हता. काळ्या यादीत नव्हती. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली होती, फास्टॅग चालत होता, विमा कंपनीने गाडी पाहून पॉलिसी दिली. पुढे एनओसीही ऑनलाइन दिसू लागली. भारत सरकारच्या संकेतस्थळावर जी गाडी वैध म्हणून दिसते, तिच्याबद्दल सामान्य माणसाने आणखी कोणाला विचारायचे होते, हा प्रश्न मी आजही प्रत्येक कार्यालयात विचारतो आणि त्याचे उत्तर कोणीही देत नाही.

आणि तरीही, एक कागद माझ्या हातात होता. आयात गाडी म्हटल्यावर मी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात करताना सीमाशुल्काकडे दाखल होणारा कागद, मागितले. विक्रेत्याने झेरॉक्स पुढे केली. तिच्यावर गाडीच्या उत्पादनाचे साल २०१६ होते, आयातीची तारीख २०२१ मधली होती आणि ठिकाणाच्या जागी पश्चिम बंगालमधील एका जमिनीवरच्या सीमाशुल्क ठाण्याचे नाव होते. मी ते वाचले. मोठ्याने वाचले. "गाडी समुद्रमार्गे येते ना? मग इथे बंगाल कसे?" असेही विचारले. समोरचा माणूस जराही न गोंधळता म्हणाला, "साहेब, एनआरआय मालक आहेत, तिकडे प्रकल्पावर होते, म्हणून तिकडूनच क्लिअर केली. सरकारी शिक्का आहे, बघा." चहा आला आणि बोलणे टायरांवर गेले.

त्या एका कागदात सगळे होते. आपल्या देशाच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी आणायची असेल, तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि ती फक्त मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातूनच आणता येते. पाच वर्षे जुनी गाडी बंगालमधल्या जमिनीवरच्या ठाण्यातून कायदेशीर मार्गाने येऊच शकत नव्हती. हा नियम त्या क्षणी मला माहीत असता, तर मी टोकन परत मागून उठलो असतो. परंतु डंपर विकत घेणाऱ्या माणसाला हा नियम कोण सांगतो? आरटीओच्या कोणत्याही अर्जावर तो छापलेला नाही. बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड घालून त्याची नोंद सीमाशुल्काच्या 'आइसगेट' या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते, हेही मला गाडी अडकल्यानंतर कळले. मी तो क्रमांक टाकला तेव्हा तशी नोंदच नव्हती.

हिशेबही त्याच वेळी करता आला असता, आणि तुम्ही तो नक्की करा. २०२१ मध्ये वापरलेल्या आयात गाडीवर मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होते. परदेशात गाडी वीस लाखांची धरली, तर पंचवीस लाख शुल्क, म्हणजे पंचेचाळीस लाख. त्यावर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि अशा मोठ्या एसयूव्हीवरचा २२ टक्के उपकर मिळून आणखी साडेबावीस लाख. एकूण साडेसदुसष्ट लाख. एवढा कर भरून आणलेली गाडी चार वर्षांनी कोणीही ३४,५०,००० ला विकायला काढणार नाही. किंमत फारच चांगली वाटली, तर आधी हा गुणाकार करा.

घरी परतताना महामार्गावर आणखी एक खूण मिळाली होती. रेडिओ लावला, तर काटा नव्वदच्या पुढे जाईना. आपल्याकडची बहुतेक एफएम केंद्रे त्याच्या वरच आहेत. मला वाटले, संच बिघडला आहे, विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "बदलून देतो." जपानी बाजारासाठी बनलेल्या गाड्यांचे रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून नव्वदच्या आसपासपर्यंतच चालतात. भारतात अधिकृतपणे विकलेल्या गाडीत असा संच येत नाही. तेव्हा वाहन पाहताना रेडिओ स्वतः लावून पाहा, पडद्यावर जपानी अक्षरे येतात का पाहा, आणि 'बदलून देतो' या शब्दांवर गाडी घेऊ नका.

महाराष्ट्रात फेरनोंदणीसाठी गाडी आमच्या जिल्ह्याच्या आरटीओत नेली. (आयात गाडीला इथे एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. गाडीच्या वयानुसार रक्कम कमी होते, तरीही ती किमतीत धरा. विक्रेता 'किरकोळ कर' म्हणतो त्यावर जाऊ नका.) मोटार वाहन निरीक्षकाने चेसिसचा पेन्सिलने ठसा घेतला आणि तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. आरसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक चेसिसवर होता, पण त्या जागेचा पत्रा घासलेला होता आणि अक्षरांची खोली सारखी नव्हती. इंजिनाच्या भागातली माहितीची पट्टी गायब होती. ती 'रंगकामात निघाली' असे मला सांगण्यात आले होते. पुढे न्यायवैद्यक तपासणीत रसायन लावल्यावर खालचा मूळ क्रमांक उमटला. तो सतरा अक्षरांचा नव्हताच. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर मॉडेलचा संकेत, आडवी रेघ आणि पुढे आकडे असा जो चेसिस क्रमांक असतो, तसा तो होता. सतरा अंकी क्रमांक दुसऱ्याच गाडीचा होता. बोगस कागदांवर 'जुनी नोंद संगणकावर चढवणे' या नावाखाली बॅकलॉग नोंद करून गाडी पोर्टलवर आणलेली होती. म्हणजे मी ज्या 'अ‍ॅक्टिव्ह' शब्दावर विसंबलो, तो शब्द कोणत्या तरी सरकारी कार्यालयातल्या सरकारी लॉगिनमधूनच तिथे आला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' राबवून केरळात ३६ गाड्या ताब्यात घेतल्या, त्यात भूतानमार्गे आणलेल्या लँड क्रूझरसारख्या गाड्या होत्या आणि नामवंत अभिनेत्यांच्या घरीही तपास झाला, हे आपण वाचले असेल. माझी गाडी अडकली ती त्यानंतर. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे अशी माणसेही ज्या जाळ्यात सापडतात, तिथे मला एकट्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे.

आता अधिकाऱ्यांविषयी. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितले, व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा. मुंबईच्या ठाण्यात सांगितले, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडे तक्रार द्या, आणि शेवटी, "हे दिवाणी प्रकरण आहे." खोटा चेसिस क्रमांक ठोकून विकलेली गाडी दिवाणी कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक सरळ लिहिलेली आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. मी ते कलम छापून नेले. ठाणे अंमलदारांनी कागद उलटा ठेवला. आर्थिक गुन्हे शाखेला माझी रक्कम लहान वाटली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर हा सायबर गुन्हा नव्हे. विक्रेत्याचे खाते गोठवा म्हणून बँकेत गेलो, तर पोलिसांचे पत्र आणा. आणि पोलीस म्हणतात आधी गुन्हा दाखल होऊ द्या. नोंदणी करणाऱ्या त्या राज्यातील कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पत्रे पाठवली, पोचपावत्या आल्या, उत्तर नाही.

सर्वांत जास्त संताप येतो तो चौकशीच्या दिवसाचा. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ११० खाली गाडी जप्त झाली आणि कलम १०८ खाली समन्स मला आले. विक्रेत्याला आले की नाही, हे मला सांगण्यात आले नाही. पैसे मी भरले, कागद मी दिले, गाडी मी स्वतः आरटीओत नेली, आणि "तुम्हाला माहीत नव्हते हे कशावरून?" हा प्रश्न मलाच. सोडवून घ्यायची तर बंधपत्र आणि बँक हमी द्या, पुढे दंड भरा. ज्या गाडीची नोंदणीच रद्द होणार आहे, ती आणखी पैसे भरून सोडवून मी करू काय? सरकारच्या एका खात्याने गाडी वैध म्हणून दाखवायची, दुसऱ्याने अवैध म्हणून उचलायची आणि दोघांमधले अंतर नागरिकाने स्वतःच्या खिशातून भरायचे, ही पद्धत मला कोणत्याही प्रकारे मान्य नाही.

पोलीस अधीक्षकांना कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार पाठवली. तिच्यावर काही झाले नाही तेव्हा दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज केला, आणि त्यांच्या आदेशानंतरच गुन्हा नोंदवला गेला. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेलपाटे घालण्यात महिने घालवू नका. पहिल्या नकारानंतरच लेखी पाठवा आणि पोचपावती जपा.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्या मानाने सरळ निघाला. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याचे प्रकरण जिल्हा आयोगात चालते, २०१९ च्या कायद्यामुळे ते आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि माझ्या रकमेला शुल्क १,००० रुपये लागले. विक्रेत्याच्या वकिलांनी पहिला बचाव असा घेतला की मी कंत्राटदार आहे, म्हणून गाडी व्यावसायिक कारणासाठी घेतली आणि मी ग्राहकच नाही. गाडी मी वैयक्तिक नावावर घेतली होती म्हणून निदान बोलायला जागा उरली; कर वाचवण्यासाठी फर्मच्या नावावर घेतली असती तर तीही गेली असती. दुसरा बचाव असा की ते केवळ मध्यस्थ आहेत. करारावर विक्रेता म्हणून तिसऱ्याच माणसाचे नाव आहे आणि आरटीजीएस चौथ्याच फर्मच्या खात्यात गेले, हे खरे आहे. "जीएसटीसाठी वेगळे खाते ठेवतो," असे मला सांगितले होते. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय आणि करार, पावती व खाते यांवरची नावे जुळल्याशिवाय पैसे पाठवू नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते मागा, त्यावरचा क्रमांक लिहून घ्या आणि नसेल तर शोरूम कितीही चकचकीत असो, बाहेर पडा. चेसिस क्रमांक पोर्टलवर नव्हे, खाली वाकून पत्र्यावर पाहा. शक्य असेल तर त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो देऊन ही गाडी कोणत्या देशासाठी बनली होती हे विचारा. विक्रेता याला नकार देत असेल, तर कारण ऐकत बसू नका.

याच प्रकारे ईशान्येकडील किंवा डोंगराळ राज्यांची नोंदणी असलेली जपानी एसयूव्ही ज्यांनी गेल्या काही वर्षांत मुंबईतून घेतली आहे, त्यांनी फेरनोंदणीची वाट न पाहता आजच आपले बिल ऑफ एंट्री आइसगेटवर तपासावे. नोंद सापडली नाही, तर गाडी पुढच्या माणसाला विकू नका. वकिलाला सोबत घेऊन स्वतःहून लेखी कळवा आणि विक्रेत्याविरुद्ध तक्रार द्या. माझ्या प्रकरणाची पुढची तारीख लागली आहे, आणि अशा आणखी खरेदीदारांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, तर 'एखादाच व्यवहार चुकला' हे विक्रेत्याचे म्हणणे टिकणार नाही.