पर्कोल: मेंदूतल्या स्मृतिपेशी वेगळ्या करण्यासाठी कितपत उपयोगी?

विषाणूचा संसर्ग ओसरल्यावरही काही सीडी८ टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) स्मृतिपेशी म्हणून मेंदूतच मुक्काम ठोकतात. तोच विषाणू परत आला तर रक्तातून कुमक येण्याआधीच त्या इंटरफेरॉन-गामा हे विषाणूविरोधी प्रथिन सोडू लागतात. उंदराच्या मेंदूतून या पेशी काढताना खरा अडथळा असतो मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणाचा. ते बाजूला काढायला पर्कोल हे घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण आजही भरवशाचं आहे.

पर्कोल म्हणजे पीव्हीपी या पॉलिमरचा लेप दिलेले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. बाटलीतल्या द्रावणात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे ते तसंच वापरलं तर पेशी फुगून फुटतात. नऊ भाग पर्कोलमध्ये एक भाग दसपट तीव्रतेचं पीबीएस (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) घालावं आणि हेच मिश्रण १०० टक्के धरावं. निर्जंतुक करायचं असेल तर क्षार घालण्याआधी. नंतर ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने तापवलं) तर कणांच्या गुठळ्या होतात.

पेशी ३० टक्के पर्कोलमध्ये मिसळून ट्यूबमध्ये घ्या आणि लांब पिपेटने तळाशी ७० टक्क्यांचा थर हळूच सोडा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा: ५०० जी (गुरुत्वाच्या ५०० पट), ३० मिनिटं, साधारण २० अंश सेल्सिअस, ब्रेक पूर्ण बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळले जातात, मग सगळी मेहनत पाण्यात. वर मायलिनचा पांढरा थर जमतो. तो आधी ओढून टाका, नाहीतर पिपेट खाली जाताना त्याला चिकटून येतो. मधल्या सीमेवरचा धूसर पट्टा आपल्या कामाचा.

सर्वाधिक पेशी वाया जातात त्या इथून पुढे. पट्टा काढल्यावर किमान तिप्पट बफर घालायलाच हवं. द्रावण दाट राहिलं तर पुन्हा फिरवताना पेशी तळाशी बसत नाहीत आणि वरच्या पाण्याबरोबर फेकल्या जातात.

पर्कोलची मर्यादाही मोठी आहे. त्याच पट्ट्यात मायक्रोग्लियाही (मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी) येतात. फ्लो सायटोमेट्रीत (रंगीत अँटिबॉडी लावून पेशी एकेक मोजण्याच्या तंत्रात) त्यांच्या पृष्ठभागावरचं सीडी४५ हे प्रथिन मध्यम आणि सीडी११बी ठळक दिसतं. शिवाय मेंदूत वस्तीला असलेली पेशी आणि रक्तवाहिनीत अडकलेली पेशी यांतला फरक घनतेवरून कळत नाही. त्यासाठी उंदीर मारण्याच्या सुमारे तीन मिनिटं आधी शिरेतून सीडी४५ची रंगीत अँटिबॉडी द्यावी, मग हृदयातून पीबीएस सोडून रक्त धुऊन काढावं. रंग रक्तवाहिनीतल्या पेशींनाच लागतो; म्हणून रंग न लागलेल्या सीडी८ पेशींमध्येच सीडी६९ आणि सीडी१०३ या मुक्कामी पेशींच्या खुणा तपासाव्यात.

मायलिनला चिकटणाऱ्या चुंबकीय मण्यांनीही मायलिन निघतं, वेळही वाचतो, पण खर्च बराच वाढतो. नमुने मोजके असतील तर मणी घ्यायला हरकत नाही; रोजच्या कामाला पर्कोलच परवडतं.