भांडीबाजारातले नाव घालणारे काका आणि आमच्या पथकाचे अकरा तांबे

सुरुवात एका ‘सौ.’पासून करावी लागेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या स्काऊट-गाईड शिबिरांना हातभार लावणाऱ्या माणसांचा सत्कार केला होता. अॅक्रिलिकची चकचकीत सन्मानचिन्हं, वर सोनेरी अक्षरं, खाली ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल’. नावांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि चौथ्या दिवशी खोकं आलं. शिबिरात भाकरी करणाऱ्या मावशींच्या चिन्हावर नावाआधी ‘सौ.’ छापलेलं होतं. मावशींचे यजमान जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यांनी व्यासपीठावर ते घेतलं, वाचलं, पदर सारखा केला आणि खाली उतरल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुढे कधीतरी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते कपाटावर होतं, पिशवीतून काढलेलंसुद्धा नव्हतं.

यादीत मी ‘सौ.’ लिहिलं नव्हतं. तिकडे कुणीतरी सगळ्याच बायकांना सरसकट लावून टाकलं होतं. पण खोकं आल्यावर एकेक नाव वाचून बघणं माझं काम होतं आणि ते माझ्याकडून राहिलं. ही गोष्ट मला फार लागली. म्हणून यंदा वेगळं काही करायचं ठरवलं, आणि ज्यांच्यामुळे ते नीट झालं त्या नाशिकच्या भांडीबाजारातल्या काकांच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते आहे. सत्काराच्या तयारीत असलेल्या कुठल्याही पथकाला, शाळेला, मंडळाला उपयोग होईल.

मी सिन्नर तालुक्यात शिक्षिका आहे, गणित शिकवते आणि गाईड पथक चालवते. आमच्या चळवळीत पुरस्कारांची वाट आखलेली आहे. मुलांना प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. मोठ्यांना मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार, आणि सगळ्यात वरचा सिल्व्हर एलिफंट. बाहेरच्या माणसांचे आभार मानायला थँक्स बॅजची पद्धतही जुनी आहे. पण तालुक्याच्या गावातलं एक शिबिर उभं राहतं ते ज्यांच्या जिवावर, त्यांची नावं कुठल्याच प्रस्तावात चढत नाहीत. चुलीपुढच्या मावशी, तंबू वाहून आणणारे टेम्पोवाले दादा, स्कार्फ शिवून देणारी एका मुलीची आई, हिशेब लिहिणारा रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काऊट. त्यांना कोण काय देणार? आपणच.

काय द्यावं हे त्या स्कार्फ शिवणाऱ्या ताईंनीच सुचवलं. ‘बाई, काचेचं नका देऊ, पुसण्यात जन्म जातो. द्यायचंच तर भांडं द्या, नाव घालून.’ ते ऐकलं आणि माझ्या आईचा पितळी डबा डोळ्यांपुढे आला. तिच्या लग्नातला, त्यावर छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजोबांचं नाव. डब्याचं झाकण कधीच हरवलं, नाव मात्र अजून बोटाला लागतं.

तांब्याचा तांब्या द्यायचा असं ठरलं. पैसे मुलामुलींनी उभे केले. आमच्याकडे दरवर्षी ‘खरी कमाई’ होते, म्हणजे मुलं स्वतः काम करून पैसे मिळवतात; यंदा भेळ, उकडलेल्या शेंगा आणि लिंबू सरबत असे तीन स्टॉल होते. त्यातून काय घ्यायचं यावर संघनायिकांची, म्हणजे पथकातल्या छोट्या गटांच्या प्रमुख मुलींची, बैठक झाली. नवीन दोर घ्यायचे की तांबे, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी दोर पुढच्या वर्षावर गेले.

एका शनिवारी अर्धी शाळा आटोपून सिन्नरहून एसटी धरली, जुन्या सीबीएस बसस्थानकाला उतरले, रिक्षानं रविवार कारंजा आणि तिथून चालत भांडीबाजार. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेच्या उतरंडी, हंडे, घंगाळं, समया. एका दुकानातून मठारलेले तांबे घेतले. मठारकाम म्हणजे हातोडीनं ठोकून पत्र्यावर उठवलेले एकसारखे खळगे. त्यानं पत्रा कडक होतो आणि उजेडात चमक खेळते. वजनावर भाव. आमचा एक तांब्या साधारण ४२० रुपयांना पडला. नाव घालायचं म्हटल्यावर दुकानदारानं पलीकडच्या ओट्याकडे बोट केलं. पाटी नाही, काउंटर नाही. एक गोणपाट, एक बल्ब, नाव घालायचं विजेचं यंत्र आणि काका. त्या यंत्राचा घर्र आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो, त्या अंगाला चालत राहायचं.

मी यादी पुढे केली. काकांनी चष्मा वर करून ती वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘यांनी काय केलंय?’

मला वाटलं, चौकशी म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, सगळ्यांनी सहकार्य केलंय. ते म्हणाले, ‘सहकार्य तर सगळेच करतात हो बाई. या बाईंनी काय केलं? या दादांनी काय केलं? दोन ओळी बसतात. एक नावाची, एक कामाची. एका ओळीत वीस अक्षरं, जोडाक्षर एकच धरतो. घरून मोजून आणा.’

दुसरा प्रश्न आणखी मोलाचा होता. बायकांची नावं वाचताना ते प्रत्येकीपाशी थांबले. ‘सौ. घालायचं का श्रीमती?’ मी मावशींची हकिगत सांगितली. काकांनी हातातला तांब्या मांडीवर ठेवला. ‘मग कुणालाच काही नको. नुसतं नाव घालू. भांडं उद्या नातीकडे जाणार, तिला आजीचं नाव वाचू दे.’

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी तिथे जवळजवळ अर्धा तास उभी राहून बघत होते. मठारलेल्या भागावर सुई टिकत नाही, खळग्यावरून घसरते, म्हणून गळ्याशी सपाट पट्टा सोडलेलाच तांब्या घ्यावा लागतो. आमचे तीन तांबे पूर्ण मठारलेले होते, ते त्यांनी मलाच दुकानात नेऊन बदलून आणायला लावले. मग तांब्या दोन गुडघ्यांत धरायचा, खाली फडकं, स्केचपेननं पुसट आडवी रेघ, आणि थेट हातानं लिहायला सुरुवात. छाप नाही, साचा नाही. आधी अक्षरं, वेलांट्या-मात्रा, आणि सगळ्यात शेवटी शिरोरेघ, एका दमात, मनगट न उचलता. ओरखडा पडला की आतलं तांबं गुलाबी दिसतं. फुंकर मारून ते अंगठ्यानं भुकटी पुसतात आणि तांब्या बल्बकडे तिरपा धरून अक्षर वाचतात. मोठ्यानं वाचतात. चूक कानाला आधी कळते, असं त्यांचं म्हणणं.

परतीच्या एसटीत मी वहीवर अक्षरं मोजत बसले. ‘बहुमोल सहकार्य’ लिहिणं किती सोपं होतं हे तेव्हा समजलं. मावशींनी नक्की काय केलं? एकोणीस वर्षं दर शिबिराला पहाटे चारला चूल पेटवली. टेम्पोवाल्या दादांनी? एका शिबिरात रात्री अडीच वाजता एक मुलगा तापानं फणफणला होता, मी फोन केला आणि दादा लुंगीवर टेम्पो घेऊन आले. आमच्या तालुक्यातले एक निवृत्त स्काऊट मास्तर आहेत, पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेले, हिमालय वूड बॅजवाले, म्हणजे पथक चालवणाऱ्यांचं वरचं प्रशिक्षण पूर्ण केलेले. आज वयाच्या पंचाहत्तरीतही ते दर गुरुवारी येऊन मुलांच्या हातून गाठी घोटून घेतात. प्रत्येकासाठी वीस अक्षरं शोधायची म्हणजे त्या माणसाकडे पुन्हा एकदा नीट बघावं लागतं. हे मला काकांनी करायला लावलं.

शेवटी ओळी अशा झाल्या. मावशी : ‘शिबिराची चूल, १९ वर्षं’. दादा : ‘अडीच वाजताचा टेम्पो’. स्काऊट मास्तर सर : ‘रीफ नॉट शिकवणारे हात’ (रीफ नॉट म्हणजे स्काऊटची सपाट बसणारी गाठ). शिवणाऱ्या ताई : ‘४१२ स्कार्फ’, कारण त्यांच्या वहीत आकडा मांडलेला होता. रोव्हर : ‘पै-पैचा हिशेब’. उरलेल्या सहा ओळी गाईड्सनी केल्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या केल्या.

आता तक्रारी. शनिवारी देतो म्हणाले होते, तांबे मंगळवारी मिळाले. दोन दिवस गल्लीत वीज नव्हती आणि लग्नाची भांडी आधी घेतली होती. मला दोन खेपा पडल्या. फोनवर कच्चा नमुना वगैरे काही मिळत नाही, समोर बसूनच बघावं लागतं. पावती देत नाहीत. तांब्यांचं बिल दुकानानं दिलं, पण नाव घालण्याचे अकरा तांब्यांचे ४४० रुपये मी पथकाच्या व्हाउचरवर त्यांची सही घेऊन दाखवले. ज्यांना पक्क्या बिलाशिवाय पैसे खर्ची टाकता येत नाहीत त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. आणि एका आडनावात त्यांनी ‘लि’ची ‘ली’ केली. तांब्यावरचं अक्षर खोडता येत नाही. मी दाखवल्यावर काका उठले, दुकानातून स्वतःच्या पैशानं दुसरा तांब्या घेऊन आले आणि तो आधी पूर्ण करून दिला. चुकलेला त्यांनी स्वतःकडे ठेवला, पाणी प्यायला. मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

सोहळा २२ फेब्रुवारीला, चिंतन दिनाला केला. चळवळीचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी ओलाव्ह या दोघांचाही तो जन्मदिवस. ध्वजवंदन झालं, प्रार्थना झाली, वर्षभराच्या बातम्या वाचून दाखवल्या : कुणाचं तृतीय सोपान झालं, राज्य पुरस्काराच्या चाचणीला कोण बसलं, नव्या बुलबुल, म्हणजे गाईडच्या वयाआधीच्या लहान मुली, किती आल्या. मग तांबे. ते पाहुण्यांच्या हस्ते द्यायचे नाहीत असं मुलींनी ठरवलं होतं. प्रत्येक संघनायिका एकेका माणसापुढे गेली, तांब्यावरची दुसरी ओळ वाचली, त्या ओळीमागची गोष्ट सांगितली आणि स्काऊट-गाईडच्या रीतीनं हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला.

तांबे वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधले होते. सरांनी नाव बघायच्या आधी गाठ बघितली. दोन्ही टोकं एका बाजूला आली आहेत ना, सपाट बसली आहे ना, की घाईत ग्रॅनी, म्हणजे चुकीची सरकणारी गाठ, पडली आहे, हे तपासलं. रीफच होती. एक टोक उलटं ओढून त्यांनी ती सोडली आणि बांधणाऱ्या मुलीकडे बघून मान डोलावली. त्यांच्या गळ्यात वूड बॅजचे दोन लाकडी मणी होते. १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कच्या पहिल्या प्रशिक्षणानंतर बेडन-पॉवेलांनी असेच मणी दिले होते, दिनुझुलू या झुलू राजाच्या माळेतले. तेव्हापासून जगभर त्याच धर्तीचे मणी प्रशिक्षित स्काऊटर गळ्यात घालतात. त्या दिवशी सर एका हातानं मणी आणि दुसऱ्या हातानं तांब्या धरून बसले होते.

मावशींनी तांब्या फिरवून फिरवून बघितला. त्यांना वाचायला वेळ लागतो, अक्षरावरून बोट फिरवत वाचतात. पहिली ओळ वाचून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘बाई, यात नुसतं माझंच नाव आहे.’ मी हो म्हटलं. त्या पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

आता वापराचं. तांब्यात पाणीच ठेवा. ताक, लिंबू सरबत, चिंचेचं काही घालू नका, आंबट तांब्याला लागतं आणि बाधतं. काळपट झाला की चिंच आणि मीठ लावून घासायचा, नाहीतर पितांबरी. माझी धास्ती होती की घासून घासून अक्षरं जातील. चार महिन्यांनी मावशींचा तांब्या बघितला, तर उलट झालं आहे. बाहेरचं तांबं लख्ख निघतं, अक्षरांच्या खोबणीत मात्र काळं बसून राहतं, त्यामुळे नाव पहिल्या दिवसापेक्षा आता ठळक दिसतं. अॅक्रिलिकवरची सोनेरी अक्षरं एव्हाना सोलायला लागली होती.

जाणार असाल तर बुधवार टाळा, गोदाघाटावर आठवडे बाजार असतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडी न नेणं उत्तम. लग्नसराईत आणि धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवस काकांना मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात गोदावरीला पूर असेल तर मुळीच जाऊ नका. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (पुराची उंची तिच्यावरूनच सांगतात) पाणी चढत चाललं की भांडीबाजारात माल वर हलवायची धांदल असते, तिथे आपली गर्दी नको. नावं स्वच्छ अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ तपासून, मोठी लिहून न्या आणि हातात घेतल्यावर तिथेच मोठ्यानं वाचा.

माझ्याकडून काकांच्या अक्षराला आणि विचारण्याला पाचपैकी पाच, वेळेला तीन.

येत्या सिंहस्थात ती सगळी बाजू माणसांनी फुलून जाईल, म्हणून पुढची यादी त्याआधीच द्यायचं ठरवलं आहे. सहा नावं आहेत. दुसरी ओळ या वेळी पूर्णपणे मुलींवर सोपवली आहे, त्या सध्या जोडाक्षरं मोजताहेत.