पीएचडीनंतर कंपनी की प्राध्यापकी? विद्युत अभियंत्यासाठी तुलना

विद्युत अभियांत्रिकीत पीएचडी संपत आली की अनेकांपुढे दोन वाटा असतात: कंपनीची संशोधन प्रयोगशाळा किंवा विद्यापीठातली प्राध्यापकी. पगाराचा मुद्दा लवकर संपतो, तिथे बहुतेक वेळा कंपनीच पुढे असते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की दिवस कशात जाणार आहे.

कंपनीत काम बऱ्याचदा वरून ठरतं, पण त्यासाठी लागणारी यंत्रं, कुशल सहकारी आणि पैसा हाताशी असतो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला, तो जनरल इलेक्ट्रिकच्या नोकरीत असताना. प्राध्यापकाला मात्र प्रयोगशाळा स्वतः उभी करावी लागते. निधीसाठी प्रस्ताव लिहायचे, ते नाकारले गेले की पुन्हा लिहायचे, उपकरणं मागवायची आणि ती चालवायला विद्यार्थी तयार करायचे. शिवाय तासांची तयारी, उत्तरपत्रिका, समित्या. नोकरी कायम होईपर्यंतची पहिली काही वर्षं यात पिळून निघतात. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: हळूहळू ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारं उपकरण, हातातून सुटतो. मोजमापं विद्यार्थी घेतात, तुम्ही त्यांचे आलेख तपासता. स्वतःच्या हातांनी सर्किट जुळवण्यातच ज्याचा जीव रमतो, त्याने हे नीट ध्यानात घ्यावं.

मग प्राध्यापकीत मिळतं काय? जॉन बार्डीन यांचं उदाहरण बघा. १९४७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत वॉल्टर ब्रॅटन यांच्यासोबत त्यांनी ट्रान्झिस्टर घडवला. पण पुढे वरिष्ठांशी खटके उडाले, शिवाय त्यांना अतिवाहकतेवर, म्हणजे अतिशय थंड केलेल्या काही पदार्थांतून वीज विनाअडथळा वाहते त्यावर, काम करायचं होतं. १९५१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९५७ मध्ये लिऑन कूपर आणि संशोधक विद्यार्थी रॉबर्ट श्रीफर यांच्याबरोबर त्यांनी अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडला. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं आणि या सिद्धान्तासाठी १९७२ चं, अशी भौतिकशास्त्राची दोन नोबेल पारितोषिकं त्यांना मिळाली. स्वतःचा प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवण्याची ही मुभा कंपनीत दुर्मीळ. दुर्मीळ म्हणतोय, अशक्य नाही: माहिती कशी मोजायची आणि पाठवायची हे सांगणाऱ्या माहिती सिद्धान्तावरचा क्लॉड शॅनन यांचा १९४८ चा निबंध बेल लॅब्जमधूनच आला.

दुसरी मिळकत विद्यार्थ्यांची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. होलोन्याक हे बार्डीन यांचेच विद्यार्थी. १९६३ मध्ये तेही कंपनी सोडून इलिनॉयला शिकवायला परतले. तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पुढे मोन्सँटो या कंपनीत पिवळा एलईडी बनवला. कंपनीतही माणूस कनिष्ठांना घडवतो, पण तिथे ते कामाच्या ओघात होतं. इथे तेच काम असतं. म्हणूनच शिकवणं ज्याला ओझं वाटतं त्याने केवळ स्वातंत्र्यासाठी प्राध्यापक होऊ नये. अशा माणसाचा अर्धा दिवस नकोशा कामात जाईल आणि त्याची झळ विद्यार्थ्यांना बसेल.

तुमची शाखाही बघा. अत्याधुनिक चिपनिर्मितीचा खर्च एखाद्या विद्यापीठाला सहसा झेपत नाही. नियंत्रण प्रणाली किंवा संकेत प्रक्रियेच्या (सिग्नल प्रोसेसिंग) सिद्धान्तावर मात्र प्राध्यापक तुलनेने थोड्या साधनांत काम करू शकतो.

मन ठरत नसेल तर मी आधी कंपनी सुचवेन. बार्डीन आणि होलोन्याक दोघेही उद्योगातून विद्यापीठात आले. मात्र परतीची वाट खुली राहते ती प्रसिद्ध झालेल्या कामावर, त्यामुळे कंपनीच्या मुलाखतीत शोधनिबंध छापू देतात का, हे स्पष्ट विचारा. विद्यापीठात गेलात तर विचारा, प्रयोगशाळा उभारायला सुरुवातीला किती निधी देणार आणि पहिल्या वर्षी आठवड्याला किती तास शिकवावं लागेल. उत्तर गुळमुळीत आलं, तर ते लेखी मागा.