केनमोरचा जुना उभा व्हॅक्यूम : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात शिकागोच्या एका उपनगरात, घर रिकामं करताना मांडलेल्या सामानात हा व्हॅक्यूम मला 15 डॉलरला मिळाला. खाली जड डोकं, पुढे दिवा, मागे दांड्याला लटकणारी कापडी पिशवी. घरातल्या बाईंनी तो लावून दाखवला तेव्हा कार्पेटचं टोक थरथरत वर उचललं गेलं. मी तिथेच पैसे दिले.

केनमोर हे कारखान्याचं नाव नाही, सिअर्स या अमेरिकन दुकानाचं घरचं नाव आहे. 1913 मध्ये ते शिलाई मशीनवर आलं, 1927 मध्ये कपडे धुण्याच्या मशीनवर. जे. सी. पेनी आणि माँटगोमेरी वॉर्ड या तिथल्याच दुकानांची पेनक्रेस्ट आणि सिग्नेचर ही नावं, हाही तसाच प्रकार. माल बनवणारा वेगळा, नाव दुकानाचं, आणि त्या काळी तो मिळायचा फक्त त्याच दुकानात. आपल्याकडे असा माल म्हटला की लोक नाक मुरडतात. मला ते अजिबात पटत नाही. सिअर्सला धुण्याची मशिनं 1916 पासून ज्या कंपनीने पुरवली तीच पुढे व्हर्लपूल झाली. तिच्या हातचं काम दुकानाचं नाव लागल्याने हलकं कसं होईल?

खरी अडचण वेगळी आहे. 2018 मध्ये सिअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. आता जुन्या मशीनचे सुटे भाग मागायचे कुणाकडे? त्याचं उत्तर मशीनवरच्या पत्र्याच्या पट्टीवर असतं. मॉडेल नंबरात टिंबाच्या आधी तीन आकडे असतात, ते बनवणाऱ्याची खूण. 110 म्हणजे व्हर्लपूलचं धुण्याचं मशीन. माझ्या व्हॅक्यूमवर 116 आहे, म्हणजे हाही व्हर्लपूलचाच. हे कळेपर्यंत मी नुसतं ‘केनमोर’ सांगून कापडी पिशवीच्या आत बसणाऱ्या कागदी पिशव्या मागवत होते. एका विक्रेत्याने दोनदा भलत्याच पाठवल्या, तोंडाचा पुठ्ठाच बसेना. पूर्ण नंबर दिला आणि तिसऱ्या खेपेला बरोबर आल्या. तुम्ही असं मशीन घेणार असाल तर आधी ती पट्टी शाबूत आहे का ते बघा, रंगरूप नंतर.

सफाईबद्दल मी मनापासून समाधानी आहे. यात ब्रशचा रोलर कार्पेट झोडपतो आणि सुटलेली धूळ हवा ओढून घेते. उंचीचा खटका एकेक घर खाली आणत जायचा. कार्पेट खालून थरथरायला लागलं की थांबायचं, त्याहून खाली नेलं तर रोलर अडतो. नव्या हलक्या व्हॅक्यूमने रोज काढूनही जी बारीक वाळू उरायची, ती याने पहिल्याच दिवशी पिशवीत आणली.

जुलैमध्ये जळक्या रबराचा वास आला आणि रोलर थांबला. मशीन उलटं करून खालची पट्टी काढली, तर माझेच लांब केस रोलरच्या दोन्ही टोकांना दोऱ्यासारखे आवळून बसले होते. कात्रीने कापून काढायला अर्धा तास गेला. रोलर फिरवणारा रबरी बेल्टही ताणून सैल झाला होता. नवा शेजारी धरला तेव्हा जुना बोटभर लांब निघाला. आता दर महिन्याला रोलरवरचे केस कापते.

धूळ या मशीनमध्ये आधी पंख्यातून जाते, मग पिशवीत. त्यामुळे खडा किंवा नाणं आत गेलं की थेट पंख्यावर आदळतं. एकदा लेकाचं नाणं गेलं आणि असा टणत्कार झाला की मी तिथेच बटण बंद केलं. पातं वाचलं. तेव्हापासून आधी जमीन नजरेखालून घालते.

दिवाळीत दाराजवळ सांडलेली रांगोळी मी याच मशीनने ओढली आणि चूक केली. पिशवी अर्धीही भरली नव्हती, तरी ओढ एकदम मंदावली. इतकी बारीक पूड कागदाची छिद्रं बुजवून टाकते. पिशवी बदलल्यावर जोर परत आला. या वर्षी रांगोळी ओल्या फडक्याने पुसणार.

आवाज मोठा आहे, वजनही आहे. त्या काळच्या बहुतेक उभ्या मशिनांचं तसंच. जिन्यावर मी तो नेत नाही. दांड्याजवळ वायर कडक होऊन तडकली होती, ती पहिल्याच आठवड्यात बदलून घेतली. जुनं मशीन घेतलं की हे काम टाळू नका.

दीर म्हणाले, “वहिनी, परत जाल तेव्हा पुण्याला आणा हे.” पण मोटर 120 व्होल्टची, तिकडे 230. थेट लावली तर जळेल. आणि पुण्याच्या घरात फरशी आहे, तिथे झाडूच बरा. हा इथेच राहील. कपाटात दोन बेल्ट आणि सहा पिशव्या आणून ठेवल्यात, आणि तो पूर्ण नंबर मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.