वर्षभर पटावर: चार खोके आणि एक घरगुती खेळ

वर्षभर पटावरचे खेळ, म्हणजे बोर्ड गेम, खेळून झाल्यावर नव्या खेळाबद्दल मी आधी एकच चौकशी करतो: दुसऱ्याची पाळी चालू असताना बाकीचे काय करतात? मोबाइल उघडून बसत असतील तर खेळ कितीही देखणा असो, थोड्याच दिवसांत माळ्यावर जातो.

गेल्या दिवाळीपासून खेळतोय. मंडळी म्हणजे मी, बायको, धाकटा भाऊ, सातवीतली मुलगी आणि मेंढीकोटात हयात गेलेली आई. त्याआधी घरात पत्ते, कॅरम आणि नोटा जीर्ण झालेला व्यापार, एवढंच.

सुरुवात कटानपासून. क्लाउस टॉयबर यांचा हा जर्मन खेळ १९९५ चा. षटकोनी तुकड्यांचं बेट, दोन फासे, आणि १० गुण आधी करेल तो जिंकला. दान कुणीही टाको, त्या आकड्याच्या तुकड्याला लागून तुमची वस्ती असेल तर मालाची पानं तुम्हालाही मिळतात. त्यामुळे सगळ्यांचे डोळे फाशांवर. शिवाय घासाघीस. आई मंडईत करते तशीच इथेही करते: "दोन मेंढ्या घे, पण वीट आत्ता दे. नंतरची भाषा नको." फासे मात्र निर्दय. ६ आणि ८ हे आकडे लाल छापलेत, कारण ७ नंतर तेच जास्त पडतात; ३६ पैकी ५ शक्यता प्रत्येकी. हिशेब बरोबर आहे हो, पण ८ वर जीव लावून बसावं आणि ११ पडत राहावेत हे सोसायला वेगळं काळीज लागतं. त्यात ७ पडला की सातपेक्षा जास्त पानं धरून बसलेल्याची निम्मी जातात. शिवाय खोका चौघांचाच. पाचव्यासाठी वेगळा विस्तार विकत घ्यावा लागतो. तोवर कुणीतरी कच्चा लिंबू.

घरात नवखे असतील तर आधी तिकीट टू राइड घ्या. ॲलन मून यांचा, २००४ चा, पाच जणांना पुरतो. पाळीला तीनातलं एकच काम करायचं: रेल्वेच्या डब्यांची पानं उचला, नकाशावरचा मार्ग घ्या, नाहीतर नवी तिकिटं, म्हणजे दोन शहरं जोडायची कामं, घ्या. पाळी इतक्या झटकन फिरते की मोबाइलला हात लावायला सवड नाही. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५. आई पानं दाबून बसते. हिचं आज काही खरं नाही असं वाटायला लागतं, तेव्हा चष्मा सारखा करून एका रंगाची सहा पानं हळूच टेबलावर मांडते. सिॲटल ते न्यूयॉर्क हे २२ गुणांचं तिकीट पुरं झालं नाही तर तेवढेच गुण वजा होतात, तरी मुलीला तेच हवं असतं.

अझूल दोघांत सगळ्यात रंगतो. कल्पना पोर्तुगालच्या रंगीत फरशांची. तसल्या पणजीत पाहिल्या असतील. सोंगट्या जड, गुळगुळीत, पिशवीत हात घालायलाच मजा. दिसायला सोज्वळ, पण समोरच्याच्या गळ्यात नको असलेल्या पाच फरशा मारता येतात आणि माझी बायको त्या मारते. गुणांचा ठोकळा पटावर नुसताच ठेवलेला असतो. धक्का लागला की सरकतो. आम्ही गुण वहीत लिहितो.

सगळ्यात जास्त हसलो ते कोडनेम्सवर, आणि त्याचा खोका घेतलेलाच नाही. व्हिजिटिंग कार्डांच्या पाठीवर मराठी शब्द लिहिले. २५ मांडायचे, दोन संघ. कुठले शब्द कुणाचे ते फक्त इशारा देणाऱ्या दोघांना माहीत. त्यांनी एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. आई म्हणाली, "लग्न, तीन." तिच्या मनात वर, माळ आणि हळद. भावाने ठणकावून घोड्यावर बोट ठेवलं. घोडा हाच मारेकऱ्याचा, म्हणजे निवडला की हरवणारा शब्द, डाव खलास. "वरातीत घोडा नसतो का?" यावर पुढचा अर्धा तास गेला.

पावसाळ्यात मात्र जपा. आम्ही ठाण्यात राहतो; जुलैत पानांना बाक आला आणि पिसताना कडा पांढऱ्या पडायला लागल्या. प्लॅस्टिकची पाकिटं चढवली, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तेव्हा थांबलं. चिवड्याच्या वाट्या आता टेबलावर येत नाहीत. किमती जास्त आहेत, बराचसा माल बाहेरून येतो. ऑनलाइन मागवलेल्यांपैकी एक खोका चेपून आला, आतलं सामान शाबूत होतं म्हणून ठेवून घेतला.

राहिला पँडेमिक. सगळ्यांनी मिळून चार रोगांशी लढायचं, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. खेळ उत्तम आहे. पण ज्याला तो आधी कळतो तो बाकीच्यांच्या चालीही स्वतःच ठरवायला लागतो. आमच्याकडे तो भाऊ. "वहिनी, तू दिल्लीला जा. आई, तू मुंबईतच थांब." वहिनीने मोबाइल उघडला, आईने वाती वळायला घेतल्या. हा खोका आता भावाच्या ऑफिसात जाणार आहे. तिथे तो सगळ्यात ज्युनियर आहे.