रेटिंग अडलंय? ब्लिट्झ, ओपनिंग, कोडी की सावकाश डाव : वेळ कशाला द्यावा

बुद्धिबळाचं ऑनलाइन रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) सहाशे-आठशेच्या आसपास अडकलंय आणि रोज जेमतेम अर्धा तास मिळतो, तर निवड करावीच लागते. या पातळीवर बहुतेक डाव हातचे जातात ते मोहरे फुकट दिल्यामुळे. त्यामुळे माझी कसोटी एकच : समोरच्याची चाल नीट पाहायची सवय कशाने लागते?

ब्लिट्झने लागत नाही. तीन मिनिटांच्या डावात मजा येते, डावही खूप होतात, पण जुन्याच चुका पक्क्या होत जातात. हेच बघा : दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे काढलं, पांढऱ्याचा उंट सी४ वर आला, काळ्याचा घोडा सी६ वर, मग पांढऱ्याचा वजीर एच५ वर. घाईत काळा घोडा एफ६ खेळतो, कारण वजिरावर हल्ला होतो. पुढच्याच चालीला वजीर एफ७चं प्यादं मारतो आणि मात! पंधरा मिनिटांच्या डावात ‘हा वजीर इथे का आला?’ असं स्वतःला विचारायला वेळ असतो. मग प्यादं जी६ ही चाल सापडते. वजीर एफ३वर हटला तरी धमकी तीच, पण आता घोडा एफ६ अगदी योग्य चाल ठरते.

म्हणून माझं मत सावकाश डावाला : पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. हरलात तर डाव कुठे फिरला ते आधी स्वतः शोधा, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) नंतर लावा. इंजिन उत्तर लगेच देतं, पण आपण काय पाहायचं विसरलो हे आपल्यालाच शोधावं लागतं.

कोडी दुसऱ्या क्रमांकावर. लिचेस या संकेतस्थळावर ती हवी तितकी, फुकट मिळतात. चेस डॉट कॉमच्या मोफत खात्यावर रोजची मर्यादा आहे. अंदाजाने चाल करून पाहू नका, शेवटपर्यंतचा क्रम डोक्यात जुळल्यावरच मोहऱ्याला हात लावा. एक उणीव मात्र आहे : कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं, डावात ते कुणी सांगत नाही. नुसती कोडी सोडवून भागत नाही ते यामुळेच.

ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे, व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवा. सिसिलियन या ओपनिंगच्या बारा चाली पाठ केल्या तरी समोरचा तिसऱ्याच चालीला वेगळं खेळतो. इटालियनसारखी एक साधी सुरुवात, मधल्या घरांवर ताबा आणि लवकर कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित करणारी), एवढं पुरे.

राजा-प्याद्यांचे शेवट मात्र टाळू नका. २०२४च्या जागतिक अजिंक्यपदाचा सिंगापूरमधला चौदावा, शेवटचा डाव आठवा. बरोबरीकडे चाललेल्या डावात तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेला, गुकेशने हत्ती आणि उंट बदलून घेतले, उरलेला प्याद्यांचा शेवट जिंकणारा होता. नवशिक्याला एक स्थिती तरी पक्की हवी : पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी.

आणि क्लास? फी भरण्याआधी विचारा, सर विद्यार्थ्यांचे हरलेले डाव त्यांच्यासोबत बसून पाहतात का. पाहत असतील तर जरूर लावा. सगळ्यांना एकच वर्कशीट मिळत असेल, तर तेवढं घरीही होतं.